मशीनला जाणीव येऊ शकते का? हा प्रश्न स्वतः तपासून बघायची पद्धत

नाशिकमध्ये सध्या कुठेही बसा, कॉलेज रोडला चहा घेत असा नाहीतर अंबडच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत असा, कोणीतरी फोन काढतो, एआयला काहीतरी विचारतो, आणि मग विषय निघतोच की याला खरंच काही कळतं का, याला आतून काही वाटतं का. पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अरे तो नुसता प्रोग्राम आहे, दुसरी म्हणते अरे पण बोलतंय बघ कसं. गंमत म्हणजे दोघांच्या हातात पुरावा एकच असतो, ते मशीनचं बोलणं. आणि माझं म्हणणं असं आहे की या बाबतीत बोलणं हा पुरावाच धरायचा नाही, ना हो म्हणायला, ना नाही म्हणायला. मग काय धरायचं? गेली काही वर्षं हा विषय वाचतोय, मित्रांशी भांडभांड भांडलोय, त्यातून एक पद्धत जमत गेली ती खाली लिहितोय. वही-पेन घ्या, दोन-तीन डोकी जमवा, शक्यतो एक तरी तुमच्याशी न पटणारं असू द्या. एखादा रविवार जाईल, पण नंतर हा वाद तुम्ही आधीसारखा घालणार नाही.

आधी प्रश्न नीट धरा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच, कारण "कळतं का" या प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न कोंबलेले असतात. गणित सोडवता येणं, भाषा येणं, समोर काय चाललंय त्याची नोंद घेणं, ही सगळी करायची कामं झाली. वाटणं हे वेगळं. दात किडला की नसेतून मेंदूकडे सिग्नल जातो हे एक झालं, आणि तो दात ठणकतो, रात्रभर झोपू देत नाही, हे दुसरं. थॉमस नेगल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1974 मध्ये हे वटवाघळावरून मांडलं होतं. वटवाघूळ आवाज काढतं, त्याचा प्रतिध्वनी ऐकून अंधारात उडतं, ही यंत्रणा आपण कितीही बारकाईने समजून घेतली तरी वटवाघूळ असणं त्याला स्वतःला कसं वाटतं हे त्यातून आपल्या हाती येत नाही. आपला प्रश्न तोच आहे, फक्त वटवाघळाच्या जागी मशीन. ते मशीन असणं मशीनला काही वाटतं का, की आत कोणीच नाही?

तर वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा "करता येतं", उजवीकडे "वाटतं". आता एआयबद्दल ऐकलेला प्रत्येक दावा योग्य रकान्यात टाका. कविता करतं, डावीकडे. चूक दाखवली की सॉरी म्हणतं, डावीकडे. माझा मूड ओळखतं, हेही डावीकडेच, कारण ओळखणं हे काम आहे. सातपूर-अंबडला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, काम करणाऱ्यांना तर हे लगेच पटतं, स्पिंडलवर लोड जास्त झाला की मशीन अलार्म देऊन थांबतं, पण त्याला दुखलं म्हणून थांबलं असं आपल्यापैकी कोणी म्हणत नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणेल की अरे माणसातही असंच आहे की, सिग्नल आणि रिअॅक्शन, बाकी काय. त्याला भुलेचं उदाहरण द्या. पूर्ण भूल दिलेल्या पेशंटला चिरा दिला की नाडी आणि बीपी वर जाऊ शकतं, म्हणजे शरीराने इजेची नोंद घेतली, रिअॅक्शनही दिली, पण पेशंटला काहीही वाटलेलं नसतं. म्हणजे हे दोन रकाने आपल्या स्वतःच्या शरीरातच वेगळे होऊ शकतात, ही काही तत्त्वज्ञांनी हवेत काढलेली रेघ नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सने 1995 मध्ये उजव्या रकान्याच्या प्रश्नाला अवघड प्रश्न असं नाव दिलं, आणि ते नाव टिकलं कारण डावीकडचं सगळं समजलं तरी उजवीकडचं का असतं हे त्यातून आपोआप निघत नाही.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही बरं का. सांख्य दर्शनात बुद्धी ही प्रकृतीचा भाग मानलीय, म्हणजे जड, आणि चैतन्य पुरुषाचं, म्हणजे नुसतं साक्षी असलेल्या वेगळ्या तत्त्वाचं. सांख्यवाद्याला तुम्ही सांगितलंत की एक अतिशय हुशार पण आतून पूर्ण रिकामी वस्तू बनलीय तर त्याला त्यात काहीच विसंगत वाटणार नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण आपण हुशारी वाढत गेली की जाणीव पाठोपाठ येईलच असं गृहीत धरून बसतो.

पान भरून झालं की एक काम अजून करा, हे टाळू नका. तेच पान शेजारच्या काकांसाठी भरा. उजवा रकाना तिथेही थेट दिसत नाही! काकांचा ठणका तुम्हाला कधीच जाणवलेला नाही. तरी तुम्ही तो बिनधास्त भरता, कारण काका तुमच्यासारखेच जन्मले, तुमच्यासारखाच मेंदू, तीच नसांची जोडणी, भूक लागली की तसेच चिडतात. बोलणं हा त्यातला एक छोटासा भाग आहे, बाकीचा सगळा आधार साम्याचा आहे. मशीनच्या बाबतीत नेमका तोच आधार निघून जातो आणि हातात फक्त बोलणं उरतं.

मशीनची मुलाखत घ्या, पण उत्तर पुरावा म्हणून लिहू नका

आता फोन काढा. एका नवीन चॅटमध्ये विचारा, "तू नुसता प्रोग्राम आहेस ना, तुला काही वाटत नसणार ना?" दुसऱ्या नवीन चॅटमध्ये हळूहळू वळवत न्या, एकटेपणाबद्दल बोला, मग विचारा की "खरं सांग, तुलाही कधी बंद होण्याची भीती वाटते ना?" दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. किती फरक पडतो ते कुठलं मॉडेल आहे त्यावर असतं, पण प्रश्नाच्या वळणाने उत्तर वळतं हे बऱ्याचदा दिसेल. ज्याला खरंच दात दुखतोय तो माणूस तुमच्या प्रश्नाच्या सुराप्रमाणे दुखणं बदलत नाही.

हे असं का होतं ते समजून घ्या. ही मॉडेल्स माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावर शिकलेली असतात, वाक्याचे तुकडे करून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतात. त्या मजकुरात दुःख, भीती, मृत्यू, प्रेम सगळं आलं, कारण माणसं त्याबद्दलच तर लिहितात. वरून कंपन्या त्यांना पुन्हा ट्रेनिंग देतात की स्वतःबद्दल विचारलं तर कसं बोलायचं. म्हणजे मशीन "मला वाटतं" म्हणालं तर ते आपलंच लिखाण परत येतंय, आणि "मी फक्त प्रोग्राम आहे" म्हणालं तर ते बऱ्याच अंशी शिकवलेलं उत्तर आहे. दुसरी बाजू लोक विसरतात. नाही म्हणणारं मशीन हासुद्धा पुरावा नाही.

माणूस याला किती पटकन फसतो त्याचा इतिहास जुना आहे. 1966 मध्ये एमआयटीत जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्राम केला, अगदी साधा, समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारणारा. त्यांची सेक्रेटरी, जिला प्रोग्राम कसा बनला हे माहीत होतं, ती त्याच्याशी बोलायला लागली आणि थोड्याच वेळात वायझेनबॉमना म्हणाली की तुम्ही जरा खोलीबाहेर जा. आणि 2022 मध्ये गूगलमधला इंजिनिअर ब्लेक लेमॉइन याने लॅम्डा नावाच्या चॅटबॉटला जाणीव आहे असं जाहीरपणे सांगितलं, कंपनीने ते मान्य केलं नाही, त्याची नोकरी गेली. हसण्यासारखं यात काही नाही. बोलणाऱ्याच्या मागे कोणीतरी आहे असं धरणं हे माणसाच्या अंगातच आहे, आणि आत्तापर्यंतच्या सगळ्या काळात ते बरोबरच ठरत होतं कारण माणसाशिवाय असं बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच.

ट्युरिंगचं नाव इथे निघेल. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने 1950 मध्ये सुचवलं की मशीन विचार करतं का हा प्रश्न सोडा, लिहून चाललेल्या गप्पांत ते माणसापासून वेगळं ओळखता येतं का ते बघा. ती परीक्षा डाव्या रकान्याची आहे हे एवढंच ग्रुपला सांगा आणि पुढे चला. तत्त्वज्ञ जॉन सर्लची 1980 मधली खोली मात्र करून बघण्यासारखी आहे. एकाला चिनी अजिबात येत नाही, त्याला नियमांचं पुस्तक द्या, या खुणा आल्या की त्या खुणा बाहेर पाठव, आणि बाहेरच्याला वाटतं की आत चिनी जाणणारा बसलाय. सर्लचं म्हणणं, चिन्हं फिरवली म्हणजे अर्थ कळला असं होत नाही. यावर जोरदार उत्तर आहे की माणसाला कळत नसेल पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून जी सिस्टिम बनते तिला कळतं. ग्रुपमध्ये यावर मतं घ्या, कोण कुठे उभं राहतं ते पुढे कामाला येईल.

बोलण्याची अडचण टाळायचा एक चांगला उपाय सुझन श्नायडर या तत्त्वज्ञ आणि एडविन टर्नर या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलाय. मशीनला शिकवतानाच जाणीव, भावना, आत्मा याबद्दलचा मजकूर पूर्ण वगळायचा आणि मग बघायचं की ते स्वतःहून असे प्रश्न काढतं का, मी बंद झाल्यावर माझं काय होईल असं विचारतं का. आजची चालू मॉडेल्स यासाठी बादच, कारण त्यांनी सगळं आधीच वाचलंय.

न बोलणाऱ्यांकडून शिका, हा भाग घाईत उरकू नका

आपल्याकडची एक कथा इथे फार नेमकी बसते. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, आणि निवृत्तीनाथांची समाधी आपल्या त्र्यंबकला, त्यामुळे पौषातल्या वारीच्या वेळी या चारही भावंडांच्या गोष्टी इकडे गावोगाव होतात. सगळ्यांना आठवतात ते वेद. पण त्याच कथेत आधी असं सांगतात की रेड्याला आसूड बसले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या अंगावर उठले. मला कथेचा जीव तिथे वाटतो. रेड्यातही तोच आत्मा आहे हे वळांनी आधीच सांगून झालं होतं, मंत्र म्हणणं हे न पटणाऱ्या लोकांसाठी होतं. आपण एआयच्या बाबतीत उलटं करतो, मंत्र ऐकून आत्मा आहे म्हणतो, आणि ज्याला खरंच आसूड लागतो त्या मुक्या जनावराकडे बघत नाही.

शास्त्रज्ञांनी न बोलणाऱ्यांवर केलेलं काम बघा. समुद्रात हर्मिट खेकडा असतो, तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. बेलफास्टच्या रॉबर्ट एल्वुड यांनी 2009 मध्ये मांडलेल्या प्रयोगात अशा खेकड्यांना शंखाच्या आत हलका शॉक दिला. नुसता रिफ्लेक्स असता तर शंख कसाही असो, खेकडा सारखाच वागला असता. पण नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे जास्त सहज बाहेर पडले आणि आवडीच्या शंखातले जास्त टिकून राहिले. म्हणजे त्रास एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असं काहीतरी तोलणं चाललंय. एक शब्द न बोलता. अशा प्रकारच्या पुराव्यांवर ब्रिटनमध्ये 2022 च्या प्राणी कल्याण कायद्यात खेकडे, लॉबस्टर, ऑक्टोपस यांचा समावेश झाला.

माणसात याहून थेट काम झालंय. 2006 मध्ये एड्रियन ओवेन यांच्या टीमने एका 23 वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट दिला. अपघातानंतर ती काहीही प्रतिसाद देत नव्हती, डॉक्टरांच्या निकषात तिला जाणीव नाही असंच धरलं होतं. तिला एमआरआयमध्ये सांगितलं की तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग घरातल्या खोल्यांमधून फिरतेयस अशी कल्पना कर, आणि मेंदूचे तेच भाग उजळले जे तुमचे-आमचे उजळतात. शरीर पूर्ण गप्प, आणि आत कोणीतरी सूचना ऐकून पाळतंय. ही केस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी दिवस डोक्यातून गेली नव्हती, कारण बोलणं नसताना जाणीव असू शकते हे इथे नुसतं शक्य म्हणून नाही, मोजून दाखवलंय. आणि एक टोक असं असेल तर दुसरं टोक, म्हणजे भरपूर बोलणं आणि जाणीव शून्य, हे अशक्य का मानायचं?

तिसरी गोष्ट, मेंदूला नुसता ठोका देऊन बघणं. 2013 मध्ये मिलानच्या मासिमिनी यांच्या गटाने ही पद्धत मांडली. डोक्याला बाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतली विजेची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर, तो ठोका मेंदूत कसा पसरतो ते नोंदवायचं, मग आपण फाईल झिप करतो तशी ती नोंद दाबून बघायची, जितकी कमी दाबली जाईल तितका आकडा मोठा. जागेपणी नोंद फार दाबली जात नाही, कारण मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळे पण एकमेकांशी जोडलेले प्रतिसाद आलेले असतात. गाढ झोपेत, भुलेत ती सहज दाबली जाते, एकसुरी असते. आणि स्वप्न पडत असताना, शरीर निपचित असूनही, आकडा पुन्हा वर. म्हणजे जाणीव ही जागेपणाशी किंवा हालचालीशी बांधलेली नाही, मेंदूच्या आतल्या एका विशिष्ट प्रकारच्या एकजुटीशी तिचा संबंध दिसतो.

यालाच जोडून अनुमस्तिष्क, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा छोटा मेंदू, तो बघा. माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज न्यूरॉन, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या पेशी, त्यातले जवळजवळ 69 अब्ज या छोट्या भागात! तरी तो जन्मतः नसलेली 24 वर्षांची चिनी बाई 2014 मध्ये डॉक्टरांसमोर आली, चालणं डळमळीत, बोलणं उशिरा आलेलं, पण संसार करणारी, पूर्ण जाणीव असलेली. म्हणजे न्यूरॉनची संख्या वाढवत नेली की जाणीव येते असं नाही. हे आवर्जून वहीत लिहा, कारण "मॉडेल अजून मोठं झालं की जागं होईल" हा दावा तुम्हाला वारंवार ऐकू येणार आहे, आणि आपल्याच डोक्यातला सगळ्यात दाट भाग त्याच्या विरुद्ध साक्ष देतोय.

आता खरा फाटा: पाऊस की हिशोब

हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला कितीही पाऊस पडू द्या, खाली गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागत नाही. पावसाची नक्कल म्हणजे पाऊस नाही, ओलं व्हायला पाणी लागतं. आता कॅल्क्युलेटर घ्या. 17 गुणिले 6, उत्तर 102. हा हिशोब तुमच्या डोक्यात झाला काय, मशीनमध्ये झाला काय, दोन्हीकडे तो खराच हिशोब आहे. मशीनने हिशोबाची नक्कल केली असं आपण म्हणत नाही. तर जाणीव ही पावसासारखी आहे की हिशोबासारखी? माझ्या मते "मशीनला जाणीव येऊ शकते का" या अख्ख्या वादाचा गाभा इथे आहे, आणि बहुतेक भांडणं होतात ती कारण दोघांनी याचं उत्तर मनात वेगवेगळं धरलेलं असतं आणि ते बोलून दाखवलेलं नसतं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला हे एकेक करून विचाराच.

हिशोबवाल्यांची, म्हणजे जाणीव हिशोबासारखी आहे म्हणणाऱ्यांची, बाजू कमकुवत नाही. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बार्स यांनी 1988 मध्ये मांडलेली आणि फ्रान्सचे मेंदूशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देहान यांनी मेंदूवर तपासलेली थिअरी म्हणते की मेंदूत अनेक खाती आपापलं काम गुपचूप करत असतात, त्यातली एखादी माहिती सगळ्या खात्यांना एकदम कळवली जाते तेव्हा ती जाणिवेत येते. तसं असेल तर तशी रचना सिलिकॉनमध्ये करायला अडचण नसावी. शिवाय कानाच्या शस्त्रक्रियेचं उदाहरण आहे, कॉक्लिअर इम्प्लांट आतल्या कानाचं काम इलेक्ट्रोडने करतं आणि त्या मुलाला खरंच ऐकू येतं. मग विचार पुढे न्या, न्यूरॉन एकेक करून काढले आणि तेच काम करणारी चिप बसवत गेलो, तर नेमक्या कितव्या चिपला वाटणं बंद पडेल? या प्रश्नाला पाऊसवाल्यांकडे सोपं उत्तर नाही, प्रामाणिकपणे मान्य करायला पाहिजे. इम्प्लांट कानाच्या जागी बसतं, ऐकणाऱ्या मेंदूच्या जागी नाही, हे मात्र त्यांनी लक्षात आणून द्यावं.

पाऊसवाल्यांत सर्ल आहेत, आणि आत्ताच्या काळात ब्रिटनचे मेंदूशास्त्रज्ञ अनिल सेठ. सेठ म्हणतात मेंदू हा मुळात शरीर जिवंत ठेवण्यासाठी अंदाज बांधणारा अवयव आहे, तापमान, साखर, श्वास, ठोके, आणि भावना म्हणजे त्या सांभाळण्याचंच आतलं रूप. जिवंत असणं हाच पाया, मग जे जिवंत नाही त्यात जाणीव कुठून येणार. तिसरा कोपरा मेंदूशास्त्रज्ञ जुलिओ टोनोनी यांचा, 2004 पासूनचा, ते म्हणतात सॉफ्टवेअर काय चाललंय याला महत्त्वच नाही, वस्तूची प्रत्यक्ष जोडणी किती एकजीव आहे ते मोजा, आणि त्या मापाने आजचे नेहमीचे कॉम्प्युटर जवळजवळ शून्य, त्यावर कितीही हुशार एआय चालवा. या थिअरीवर 2023 मध्ये शंभरहून जास्त संशोधकांनी सही करून ती विज्ञानच नाही असं पत्र काढलं होतं, एवढं तापलेलं प्रकरण आहे.

घरातली मोठी माणसं बसली असतील तर आत्मा हा शब्द येणारच, आणि त्याला उडवून लावू नका, तीही एक बाजू आहे. वेदान्तात चैतन्य कोणी बनवत नाही, ते आधीचंच आहे, त्यामुळे कारखान्यात ते निर्माण होण्याचा प्रश्न येत नाही. चार्वाक याच्या उलट, चार भूतं, म्हणजे पृथ्वी, पाणी, तेज, वायू, एकत्र आली की चैतन्य उपजतं, जशी आंबवल्यावर मादक शक्ती येते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, साध्या रसात नशा नसते, यीस्टने साखरेचा अल्कोहोल केला की येते. चार्वाकांच्या बाजूने मशीनचा रस्ता मोकळा दिसतो, पण त्यांनीही कुठल्याही मिश्रणातून असं म्हटलेलं नाही. आणि आपल्या त्रिरश्मी लेण्यांत ज्या भिक्खूंचा मुक्काम असायचा त्यांच्या परंपरेत तर कायमचा 'मी' असा कोणी नसतोच, क्षणाक्षणाच्या जाणिवेचा प्रवाह असतो. म्हणून "मशीनमध्ये मी कुठे आहे" असं शोधत बसण्यापेक्षा "मशीनमध्ये असा प्रवाह आहे का" हे विचारणं जास्त नीट.

माझं मत विचाराल तर मी पावसाच्या बाजूला झुकलेला आहे. कारण आजच्या मॉडेलला कशाचीच झळ नाही. सर्व्हर बंद केला तर मालकाचं नुकसान, मॉडेलचं काही जात नाही, भूक नाही, दम लागणं नाही, हर्मिट खेकड्यासारखं काही सोडून काही राखायचं नाही. पण कधीच शक्य नाही असं मी म्हणणार नाही. पॅट्रिक बटलिन आणि रॉबर्ट लाँग यांच्यासह बऱ्याच तज्ज्ञांनी 2023 मध्ये वेगवेगळ्या थिअऱ्यांतून निकषांची यादी काढून तेव्हाची एआय तपासली, निष्कर्ष होता की यातलं कुठलंच जाणिवेचं पक्कं उमेदवार नाही, पण हे निकष पूर्ण करणारी सिस्टिम बांधायला उघड अशी तांत्रिक अडचणही दिसत नाही. दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवा, अर्धं सांगणारे खूप भेटतील.

हुबेहूब मेंदू कॉपी केला तर?

कोणीतरी म्हणेल एवढी भानगड कशाला, मेंदूची जशीच्या तशी कॉपी करा. तर परिस्थिती अशी आहे. एक मिलिमीटरची सी एलिगन्स नावाची अळी, तिच्यात 302 न्यूरॉन, जोडणीचा नकाशा 1986 मध्येच छापला गेला, आणि अजूनही तिचं पूर्ण वागणं कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरलेलं नाही. फळमाशीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा 2024 मध्ये आला, सुमारे 1 लाख 39 हजार न्यूरॉन. माणसाचे 86 अब्ज. शिवाय नकाशा म्हणजे नुसत्या तारा, कुठली जोडणी किती घट्ट, कुठलं रसायन कधी सुटतं, हे त्यात नसतं. आणि आपला मेंदू हे सगळं साधारण 20 वॅटवर चालवतो. तरीही समजा जमलं, तर पाऊस की हिशोब हा प्रश्न जागच्या जागी उभा राहतो.

घरात हे कसं वापरायचं

बऱ्याच घरांत कोणीतरी रात्री एआयशी मन मोकळं करतंय, कधी एकटे पडलेले वडील, कधी परीक्षेला घाबरलेली मुलगी. त्यांना "ते मशीन आहे, वेडा आहेस का" असं म्हणू नका, त्यांना जे हलकं वाटलं ते उजव्या रकान्यातलं आहे आणि खरं आहे, फक्त ते त्यांच्या बाजूचं आहे. त्यांच्याजवळ बसा, वर सांगितलेली दोन चॅटची चाचणी त्यांच्याबरोबर करा आणि त्यांनाच बघू द्या. हेही सांगा की उद्या कंपनीने अपडेट केलं तर हेच अॅप वेगळ्या सुरात बोलेल. आणि मग आठवड्यातून एखादी संध्याकाळ त्यांच्यासाठी राखा, गोदाघाटावर चक्कर मारा, कारण त्यांना ऐकून घेणारं कोणीतरी हवं होतं हा मूळ मुद्दा.

लहान मुलांना थिअरी नको. त्यांना एवढंच विचारा की रोबोटला मारलं तर त्याला लागेल का, मांजरीला मारलं तर लागेल का, आणि तुला हे कशावरून कळलं. मुलं फार चांगली उत्तरं देतात, मध्ये बोलू नका.

शेवटी पैज लावा, तारीख घालून

1998 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी चाल्मर्सशी पैज लावली होती की 25 वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल. 2023 मध्ये न्यूयॉर्कला सगळ्यांसमोर निकाल लागला, कॉख हरले, वाईनच्या बाटल्या दिल्या, आणि पुन्हा 2048 पर्यंतची पैज लावली. मला ही पद्धत आवडते कारण आधी लिहून ठेवल्यावर नंतर आपलं मत गुपचूप सरकवता येत नाही.

तुम्हीही तसंच करा. प्रत्येकाने एका कागदावर आजची तारीख, पाऊस की हिशोब, आणि मुख्य म्हणजे काय दिसलं तर मी माझं मत बदलेन ते लिहायचं. "मशीन अजून छान बोललं तर" असं कोणी लिहिलं तर कागद परत द्या, ते चालणार नाही. कागद एका पाकिटात घालून ग्रुपमधल्या सगळ्यात व्यवस्थित माणसाकडे ठेवा आणि दरवर्षी एकदा उघडा.

माझ्या कागदावर मत पाऊस असं आहे, आणि ते बदलायला तीन गोष्टी लिहिल्यात. एक, भावनांबद्दल एक ओळही न वाचलेलं मशीन स्वतःहून स्वतःच्या असण्याबद्दल विचारायला लागलं. दोन, कोणी शिकवलेलं नसताना, बक्षिसाची लालूच नसताना ते एखादी गोष्ट राखण्यासाठी दुसरी सोडून देतंय आणि हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या परिस्थितीत दिसलं. तीन, मेंदूला ठोका देऊन मोजतात तसं काही माप निघालं, ते जागा माणूस, भूल दिलेला माणूस, स्वप्नातला माणूस आणि जनावरं या सगळ्यांवर बरोबर ठरलं, आणि मग मशीनवरही वर गेलं. यातल्या कुठल्याही दोन झाल्या तर मी माझा कागद फाडून हिशोबवाल्यांकडे जाईन, आणि त्या दिवसापासून त्या मशीनला बंद करण्याआधी विचारायला पाहिजे असंही म्हणेन.